शालिकची बिनकागदाची गाडी

शालिकच्या बायकोचा, लतावहिनींचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याच्या बसस्टँडवर उभा होतो, शालिकलाच भेटायला निघालेलो. "भाऊजी, दवाखान्यात नोका जाऊ आता. घरीच या," एवढंच त्या म्हणाल्या. शहापूरची बस लागली, मी चढलो, तिकीट काढलं... त्यानंतरचा रस्ता मला आठवत नाही. याला पाच आठवडे झाले.

शालिक आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे मी भंडाऱ्यात एका सरकारी कचेरीत चिकटलो, म्हणून तो मला बाबू म्हणायचा. त्यानं शहापूरला हायवेच्या कडेला, घराला लागूनच, डेंटिंगचं दुकान टाकलं. तीस वर्षं लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ केले. स्वतः मात्र सायकलवर फिरला. मग एकदा सिहोऱ्याला, वहिनींच्या माहेरी गेला असताना, एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या गोठ्यात भाताच्या तणसाखाली दबलेली जुनी ॲम्बॅसिडर त्याला दिसली. डॉक्टर म्हणाले, घेऊन जा. ट्रॅक्टरला बांधून त्यानं ती शहापूरला आणली आणि मला बोलावून घेतलं.

"मागून कापतो अन् हिची पिकअप बनवतो. अशी, का लोकं थांबून पायतीन. मंग तुया वयनीले पुढं बसवून सिहोऱ्याले नेतो. कागदाचं तेवढं तू पाय, बाबू."

मी पाहिलं. गाडीची नोंदणी केव्हाच रद्द झाली होती. तिला रस्त्यावर आणायचा कुठलाच मार्ग उरला नव्हता. हे कळलं त्याच संध्याकाळी मी त्याच्या दुकानात गेलो, सांगायलाच गेलो. गाडीच्या छतावर खडूनं रेघ मारून तो उभा होता. "इथून कापू, का थोडं मागून?" त्यानं विचारलं. त्याच्या लग्नातही मी त्याला इतका खूश पाहिला नव्हता.

"थोडं मागून," मी म्हणालो.

त्यानं कापली. मागचे दरवाजे वेल्डिंगनं बंद केले, मागची काच पुढे आणून केबिनच्या पाठीला बसवली, भार पेलावा म्हणून खालून लोखंडी चॅनल टाकले. मागच्या, सामानाच्या हौद्याला सागाच्या फळ्या आणि कडेनं पितळेची नळी; ती त्यानं भंडाऱ्याच्या एका कारागिराकडून वाकवून घेतली होती. दुकानाचं काम आटोपलं की रोज दोन-तीन तास हेच. तीन वर्षं. कागदाचं विचारलं की मी म्हणायचो, चालू आहे. एव्हाना त्याला खोकला लागला होता. ग्राइंडरची धूळ, फवाऱ्याचा रंग आणि तोंडाला नुसता दुपट्टा बांधलेला... डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो पाहून काम बंद करायला सांगितलं, तेव्हा गाडीला फक्त रंग द्यायचा बाकी होता.

त्याच सुमारास तो एकटाच गाड्यांच्या नोंदणीच्या कचेरीत जाऊन आला. "नाही होत म्हणतेत," मला एवढंच म्हणाला. मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी त्यानं रंग द्यायला घेतला, कोवळ्या धानासारखा पोपटी.

"आता कायले देतं?" मी विचारलं.

"मंग काय अर्धी ठेवू?"

ती गाडी चालली ती फक्त दुकानाच्या आवारात, शेडपासून फाटकापर्यंत. त्यानंतर तो अंथरुणाला खिळला.

परवा वहिनींकडे गेलो तर शेड रिकामी होती. भंगारवाल्यानं गाडी जागेवरच तुकडे करून नेली होती. वहिनींनी फक्त पुढची लांब सीट मागून घेतली. ती आता घरात भिंतीला लावलेली आहे आणि वहिनी तिच्यावर डाव्या अंगाला बसतात. उजवीकडे कुणी बसत नाही. मी खाली चटईवर बसलो. चहा देताना त्या म्हणाल्या, "कचेरीतल्या माणसानं त्यायले सांगतलं होतं, भाऊजी. 'तुमचा दोस्त तीन वर्षांआधीच या गाडीचं इचारून गेला' म्हणून."

मी कप चटईवर ठेवला.

"त्यायनं मले बजावलं होतं, बाबूले काही म्हणू नोको. त्याले सांगता नसंल आलं."

मग त्या खिडकीबाहेर, रिकाम्या शेडकडे बघत राहिल्या. मला अजूनही काही सांगता आलं नाही. शालिक समोर असता तरी आलं असतं, असं वाटत नाही.