लँटर्नच्या रांगेतला बाक

कामावर आल्यावर ती बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायची. घरून बांधून आलेल्या नाड्यांवर तिचा विश्वास नव्हता.

रांगेची साखळी उघडताना कडी हातात धरून ठेवायची. आवाज होऊ द्यायची नाही. माणसं दचकतात, म्हणायची.

तुम्ही किती जण, असं तिनं कधी कुणाला विचारलं नाही. खाली बघायची, बूट मोजायची, निम्मे करायची.

डब्यात बटाटा भरलेले पिरोगी, उकडलेल्या करंज्यांसारखे, असत. थंडच. उभ्यानं खायची.

मुलांची उंची मोजताना आधी टोपी काढायला लावायची. मूल कमी भरलं की आईबाप वाद घालत. ती त्यांच्याकडे बघायचीच नाही, मुलाशी बोलायची. पुढच्या उन्हाळ्यात ये. भाजी खा. नाही खाल्लीस तरी वाढशील म्हणा.

फलकावर रांगेचा वेळ साठ मिनिटं असला तरी कुणी विचारलं तर खरा आकडा सांगायची. बहुतेक वेळा तो पंचेचाळीस असे. आमचं करमणुकीचं पार्क पंधरा मिनिटं वाढवूनच लिहितं, म्हणजे लवकर आत गेलेला माणूस खूश होतो. तिला ही खुशी चोरीची वाटायची.

मला प्रोफेसर म्हणायची. मी वाङ्मयाची पदवी घेऊन एका उन्हाळ्यापुरती पार्कात लागले होते. तो माझा तिसरा उन्हाळा होता.

बर्नडीन यूर्को सोळा ऑक्टोबरला, गुरुवारी, पहाटे झोपेत गेली. अडुसष्ट वर्षांची होती. बुधवारी दुपारी आम्ही फोनवर बोललो होतो. शनिवारी लोकरीचे मोजे घालून ये, असं तिनं मला बजावलं होतं. तीन आठवडे झाले. मी अजून तिला विचारायच्या गोष्टी मनात जमवून ठेवते.

पार्काआधी अठ्ठावीस वर्षं ती टपाल कचेरीच्या खिडकीत होती. रांग आतून बघितली, आता बाजूनं बघते, म्हणायची. नवरा गेल्यावर घरात बसवेना, म्हणून पार्कात आली. तिला लँटर्नवर नेमलं. लँटर्न म्हणजे आमचा लाकडी रोलर कोस्टर. टेकडीवर आहे. वारा असला की नदीपलीकडून त्याची खडखड ऐकू येते.

दोन वर्षांपूर्वी फोनवरचं आरक्षण आलं. सकाळी नऊला वेळा उघडतात, नऊ वाजून सहा मिनिटांनी संपतात. ज्यांना मिळतात ते राखीव रांगेतून येतात. ज्यांना मिळत नाहीत, किंवा ज्यांच्याकडे तसा फोनच नाही, ते साध्या रांगेत उभे राहतात. गाडीत चोवीस जागा. अठरा राखीव रांगेला, सहा साध्या. दोन्ही रांगा जिथे मिळतात तिथल्या साखळीपाशी बर्नडीन उभी असे.

जुलैतल्या एका शनिवारी साध्या रांगेतून एक म्हातारा उलटा चालत निघाला. म्हणजे तोंड आमच्याकडे नव्हतं, बाहेरच्या दाराकडे होतं. पन्नास मिनिटं उभा राहिला होता, अजून तेवढीच बाकी होती. मागे नात. अरुंद कठड्यांमधून तो एकेका माणसाला सॉरी म्हणत बाहेर पडत होता. सत्तर-ऐंशी माणसं असतील. प्रत्येकाला वेगळं सॉरी.

बर्नडीननं त्याला ओळखलं. तिला माणसं पत्त्यावरून आठवत. मेपल स्ट्रीट, चारशे बारा, कुहार. सुतार. लँटर्नच्या फळ्या बदलण्याचं काम त्यानं चौदा हिवाळे केलं होतं. ती साखळी माझ्या हातात देऊन त्याच्या मागे गेली. अपंगांसाठीचा पास कचेरीतून आणून देते, म्हणाली.

"मी आजारी नाही," तो म्हणाला. "नुसता म्हातारा आहे."

त्याला फक्त आपल्या फळ्या अजून कशा वाजतात ते ऐकायचं होतं. डॉक्टर बसायला नाही म्हणाले का, असं तिनं विचारलं. त्यांना विचारलंच नाही, म्हणाला. मग नातीचा हात धरून गेला.

त्या दिवशी पिरोगी तसेच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून तिनं खांबावर चिकटपट्टी लावली आणि त्यावर पेन्सिलीनं रेघा मारू लागली. वेळ राखून ठेवून न आलेल्या प्रत्येक माणसाची एक रेघ. कुणाचं मूल झोपतं, कुणी आइस्क्रीमच्या दुकानात अडकतं, कुणाला नुसताच विसर पडतो. महिनाभर मोजल्यावर तिच्या लक्षात आलं की शंभरातले अकरा येतच नाहीत. त्या जागा आयत्या वेळी साध्या रांगेतल्या पुढच्या माणसाला जायच्या.

तिची योजना सोपी होती. रांगेच्या तोंडाशी एक लांब बाक ठेवायचा. ज्याला उभं राहायचं नाही त्याला हाती लिहिलेली चिठ्ठी द्यायची. रांगेत उभं राहून जेव्हा त्याचा नंबर आला असता, तीच वेळ चिठ्ठीवर. तोवर त्यानं बसायचं. वेळ झाली की न आलेल्यांच्या जागी त्याला बसवायचं. आजाराचा दाखला नको, फोन नको, कारण विचारायचं नाही.

आमच्या भागाचा प्रमुख ट्रेंट. सव्वीस वर्षांचा, कमरेला वायरलेस, चालतो भरभर. मुलगा चांगला आहे. त्याला लहानपणी बर्नडीननं लँटर्नच्या मापपट्टीवरून परत पाठवलं होतं, आणि ही गोष्ट ती त्याला बैठकीत सर्वांसमोर ऐकवायची. आमचे साहेब एका बोटानं कमी पडले होते, म्हणायची, आणि काय रडले होते.

त्यानं योजना नीट ऐकली. मग म्हणाला, न आलेल्यांच्या जागा बाकावर गेल्या तर साधी रांग लांबेल.

"बाकावरचे त्याच रांगेतले आहेत," बर्नडीन म्हणाली. "फक्त बसलेत."

ट्रेंटनं डोकं खाजवलं. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. ती रोज विचारायची. शेवटी त्यानं ऑक्टोबरातला एक शनिवार दिला. अट एकच. साध्या रांगेचा वेळ आदल्या शनिवारपेक्षा पाच मिनिटांहून जास्त वाढला नाही, तर तो योजना वरच्या कचेरीत पाठवील. वाढला, तर विषय संपला.

रांगेचा वेळ मोजायची आमची रीत जुनी आहे. दिवसातून बरेचदा दारावरचा माणूस रांगेत शिरणाऱ्या कुणाच्या तरी गळ्यात लाल कार्ड घालतो. यंत्रात नोंद होते. ते कार्ड वर फलाटावर परत आलं की किती मिनिटं लागली ते कळतं आणि पंधरा वाढवून फलकावर चढतं. एक कार्ड आत असेपर्यंत यंत्र दुसरं घेत नाही, उशीर झाला तर त्याचाच वाढता वेळ दाखवतं.

अकरा तारखेला दारावर मी होते. बर्नडीन साखळीपाशी. बाक तिनं सहलीच्या मैदानावरून उचलून आणवला होता. सकाळ झकास गेली. बाकावर लोक बसले, उठले, वर गेले. रांग आदल्या शनिवारएवढीच. दीड वाजता मी लाल कार्ड एका बाईच्या गळ्यात घातलं. तिच्या एका हातात मूल होतं, दुसऱ्यात भोपळा.

अडीचपर्यंत कार्ड वर आलं नाही. तीनपर्यंतही नाही. मुलाला मळमळायला लागलं म्हणून ती बाजूच्या फटीतून निघून गेली होती, कार्डासकट. यंत्र मोजत राहिलं. फलकावर एकशे पाच आले. मग एकशे पस्तीस. चार वाजता एकशे पासष्ट.

लोक फलक वाचून माघारी फिरू लागले. रांगेत होते ते वर गेले. नवीन कुणी येईना. बाकही रिकामा. लँटर्न साध्या रांगेच्या सहाही जागा मोकळ्या घेऊन फेऱ्या मारत होता.

मी साखळीपाशी धावत गेले. कार्ड कुणाला दिलं होतं ते सांगितलं.

"हात रिकामे असलेल्याला द्यायचं असतं," ती म्हणाली. एवढंच. पुन्हा कधी त्याचा उल्लेख केला नाही.

मी परत दारावर आले तर समोरून कुहार येत होता. एकटाच. बाकाबद्दल कुणीतरी त्याला चर्चमध्ये सांगितलं होतं. लांबचा चष्मा घरी विसरला होता, त्यामुळे फलक त्याला दिसलाच नाही. मी चिठ्ठी पुढे केली. तो रांग शोधत होता. रांग नाही, सरळ वर जा, म्हटलं. दोर उचलून जवळच्या वाटेनं सोडू लागले तर नको म्हणाला. सगळी वळणं घेत, कठड्यावर हात फिरवत, रिकाम्या रांगेतून तो चालत गेला. सहा मिनिटं लागली.

बर्नडीननं साखळी उघडली. कडी हातात धरून.

तो गाडीत दोनदा बसला. खाली आला तेव्हा उरलेसुरले केस उभे होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाऱ्यानं. बर्नडीनला म्हणाला, "तिसऱ्या चढावर डावीकडची फळी वाजते. सांगा त्यांना." तिनं हातावर लिहून घेतलं. सोमवारी दुरुस्तीवाल्यांनी बघितली. वाजत होती.

मी म्हटलं, निदान याला तरी बाकावरच्यांत धरू. दिवसाच्या नोंदीचा कागद थोडा बरा दिसेल.

"तो बाकावर बसला?"

"नाही."

"मग?"

पार्क बंद होताना ट्रेंट आला. त्याच्या हातात दिवसाचा आलेख होता. दुपारनंतर रेघ डोंगरासारखी वर गेलेली. कार्डाचं त्याला कळलं होतं. पण वर आकडा जातो, म्हणाला, गोष्ट जात नाही.

मला वाटलं, आता ती भांडेल. ती नाड्या बांधत होती.

"तुला परत पाठवलं ना," ती खाली बघतच म्हणाली, "त्याआधी मी तुला दोनदा मोजलं होतं. आठवतं?"

ट्रेंटला आठवत होतं. बूट घालून एकदा, काढून एकदा, तो म्हणाला. बूट काढल्यावर आणखी कमी भरलो.

"भरलास. पण मोजलं दोनदा."

ट्रेंट हसला. मग पुढचा शनिवार दिला. अठरा तारीख. आणि जाता जाता एक छापील अर्जही दिला. जमलं तर हा भरून ठेव, म्हणाला, वरच्या कचेरीला तीस नोव्हेंबरच्या आत लागतो. पुढच्या वर्षाचे सगळे बदल त्यातूनच ठरतात.

अर्ज आम्ही सोमवारी तिच्या स्वयंपाकघरात भरला. प्रश्न नऊ. सात तिनं सपासप लिहिले, टपालातल्या त्या गोल अक्षरात. नववा सहीचा होता, तोही केला. आठव्यावर अडली. या बदलाचा लाभ कोणाला होईल? दोन ओळींत लिहा.

तिनं अर्ज माझ्याकडे सरकवला. तू शिकलीस ना हेच, म्हणाली. मी वेगळ्या कागदावर एक वाक्य लिहिलं. त्यात आत्मसन्मान हा शब्द होता.

तिनं वाचलं. "हे कुणाबद्दल आहे?"

"म्हाताऱ्यांबद्दल."

"मग म्हातारे लिही की."

तिनं म्हातारे लिहिलं. बघत बसली. कुहार भडकेल, म्हणाली, आणि खोडलं. मग थकलेले लिहिलं. तेही खोडलं, कारण थकलेल्याला थकलोय असं कबूल करायला लावणं म्हणजे पुन्हा कचेरीतला पासच झाला. उभं राहू न शकणारे, हेही खोडलं. राहू शकतात की, म्हणाली. मग म्हणाली, शनिवारी बाकावर कोण कोण बसतंय ते बघते आणि मग लिहिते. आणि पिरोगी गरम करायला उठली. तिला गरम पिरोगी खाताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गुरुवारी सकाळी तिच्या बहिणीचा फोन आला.

ट्रेंट म्हणाला, शनिवारचं रद्द करू या. मग तासाभरानं त्याचाच परत फोन आला. म्हणाला, रद्द नको.

दारावर तो स्वतः उभा राहिला. लाल कार्ड प्रत्येक वेळी हात रिकामे असलेल्यालाच दिलं. नसले तर तो थांबायचा. मी साखळीपाशी. लोकरीचे मोजे घातले होते. कडी हातात धरली, तरी दोनदा निसटली.

बाकावर चव्वेचाळीस माणसं बसली. मी बघत होते, तिच्यासाठी. सत्तरीच्या दोन बहिणी, एकीच्या हातात दोघींचे चष्मे. रात्रपाळी करून थेट आलेली नर्स. खांद्यावर झोपलेली मुलगी घेतलेला एक बाप. तो उठला तरी ती उठली नाही, मग त्यानं आपली पाळी मागच्याला दिली. नवे बूट चावत होते म्हणून बसलेला एक धडधाकट पोरगा. त्याला कुणी काही विचारलं नाही. एक बाई नुसतीच बसली, वेळ झाली तरी वर गेली नाही. इथं बरं वाटतंय, म्हणाली.

अकराचा बिघडलेला शनिवार सोडून त्याआधीच्या शनिवारपेक्षा साधी रांग चार मिनिटांनी वाढली. पाचच्या आत. ट्रेंटनं आलेख दोनदा तपासला, मग तिसऱ्यांदा मला तपासायला लावला.

अर्ज तिच्या बहिणीनं आणून दिला. ट्रेंटनं आकडे जोडले, आपली शिफारस जोडली, आणि आठव्या प्रश्नापाशी थांबला. अर्ज माझ्याकडे सरकवून म्हणाला, "हे तू बघ, प्रोफेसर." या नावानं त्यानं मला आधी कधी हाक मारली नव्हती.

अर्ज आता माझ्या टेबलावर आहे. तीस तारखेला अजून अवकाश आहे. आठव्या प्रश्नाखाली दोन ओळींची जागा आहे. खोडून खोडून तिथला कागद पातळ झाला आहे, उजेडाला धरला तर आरपार दिसतं. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला तिनं ‘जे’ एवढंच लिहून ठेवलं आहे.