पुढच्या शनिवारीही मीच

माझे पणजोबा माझ्या मनात कायम हवेत असत. दोन्ही हात पसरलेले, पाय जमिनीपासून सुटलेले, मागे आयर्लंडचं धुकं. शंभरेक वर्षांपूर्वी ते डब्लिनला डॉक्टरकी शिकायला आले आणि कॉलेजच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर झाले. आख्ख्या हंगामात त्यांनी एकही गोल होऊ दिला नाही, असं आमच्या पुण्याच्या घरात तीन पिढ्या सांगत आल्या. कुणाचे मार्क घसरले की पणजोबा हवेतूनच खाली बघायचे.

मीही डॉक्टर होऊन आयर्लंडलाच, वॉटरफोर्डला आले आणि ही गोष्ट लेकीला वरणभातासोबत भरवली. ती अकरा वर्षांची, शाळेच्या टीमची गोलकीपर. गेल्या ऑक्टोबरात तिच्यावर एका सामन्यात पाच गोल झाले. घरी येऊन तिनं ग्लोव्ह्ज कपाटात कोंबले.

"आयॅम डन, मम. ही नेव्हर लेट इन वन!"

पणजोबांनी एकही गोल होऊ दिला नव्हता, म्हणून ती खेळच सोडत होती. मी मराठीत समजावत राहिले, ती इंग्रजीत रडत राहिली. सगळी करणी माझीच होती.

तेव्हा बाबा पुण्याहून आमच्याकडे आले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. म्हणाले, "त्या कॉलेजात काही नोंद असेल, बघ ना. पोरीला दाखवू, जिद्द येईल." मला वाटलं, झालं, आता आणखी ओझं. पण बाबांना नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही.

ड्यूटी संपवून सकाळच्या गाडीनं डब्लिनला गेले. लायब्ररीतल्या बाईंनी एक जुनी वही समोर ठेवली. टीमच्या कॅप्टननं लिहिलेली, दर शनिवारचं एक पान. डोळ्यांवर झोप होतीच. वाचता वाचता खोलीत ओल्या लोकरीचा वास यायला लागला. चिखल दिसला, भिजून जड झालेला चामड्याचा चेंडू दिसला, आणि दोन खांबांमध्ये थंडीनं हात चोळणारा एक सावळा मुलगा. टीम पहिला सामना हरली. दुसराही. तिसऱ्या पानावर कॅप्टननं लिहिलं होतं, नऊ गोल झाले.

मला हसू आलं, मग डोळे भरले, मग भयंकर राग आला. कुणाचा, ते कळेना.

खाली एक ओळ होती. 'गोलकीपर सांगून गेला आहे, पुढच्या शनिवारीही मीच उभा राहणार.'

आणि पुढच्या शनिवारी तो होता. त्याच्या पुढच्याही. शेवटच्या पानापर्यंत टीम हरत होती आणि तो उभा होता.

मी पानांचे फोटो काढले. परतीच्या गाडीत मात्र ते पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले. लेकीचं ठीक आहे, पण हे बाबांना कसं दाखवायचं? त्यांच्या देवघरात फोटो होता पणजोबांचा.

बाबांनी चष्मा पुसून फोनवर ते नऊ गोलांचं पान दोनदा वाचलं.

"आठवीत माझ्या हातून एक गोल सुटला होता," ते म्हणाले. "एकच. तुझे आजोबा म्हणाले, आपल्या घराण्यात हे चालत नाही. मी परत मैदानावर गेलो नाही."

बाबा कधी खेळले होते, हेच मला माहीत नव्हतं.

लेक मागून फोनमध्ये डोकावली. "नाइन? युअर मॅन वॉज ब्रूटल!" म्हणजे, हा गडी अगदीच टाकाऊ होता. ती पोट धरून हसली आणि कपाट उघडायला गेली.

शनिवारी बाबा माझ्या नवऱ्याचा जाड कोट घालून गोलच्या मागे उभे राहिले. पहिला गोल झाला तशी तिनं वळून पाहिलं.

"अजून आठ बाकी आहेत, बाळा!" बाबा ओरडले. ती हसली आणि चेंडू आणायला धावली.

तिची टीम हरली. मैदान रिकामं झालं, धुकं उतरलं. मी गाडीची किल्ली शोधत होते. मान वर केली तर बाबा दोन खांबांच्या मधे उभे होते, हातात तिचे ग्लोव्ह्ज, बोटं अर्धीच आत गेलेली.

"मार," ते तिला म्हणाले.

तिनं अगदी हळू मारला. बाबा वाकेपर्यंत चेंडू त्यांच्या बाजूनं आत गेला.

बाबांनी तो उचलला आणि तिच्याकडे फेकला.

"पुन्हा मार."