उंबऱ्यातली विहीर

प्रयागताईंची आणि माझी पहिली भेट त्यांच्या दारात झाली, आणि त्या दिवशी मी चांगलीच घाबरले होते. माझ्या आईला स्मृतिभ्रंशाने गाठलं होतं. कळमनुरीच्या आमच्या घरातून ती नजर चुकवून बाहेर पडायची आणि नांदेडच्या रस्त्याने, भरधाव ट्रकांच्या कडेकडेने चालू लागायची. जवळा बाजारला एक निवृत्त नर्सबाई अशा माणसांना सांभाळतात, असं कळलं म्हणून तिला घेऊन गेले. घराचं दार सताड उघडं होतं. आतल्या बाजूला चार-पाच म्हातारी माणसं उंबऱ्याशी उभी राहून खाली बघत होती. खाली नुसती काळी घोंगडी अंथरलेली. तरी त्यांतल्या एका आजोबांनी शेजारच्या बाईंना दंडाला धरून मागे ओढलं. बाहेर माझ्या हाताला धरून उभी असलेली आई थबकली आणि हळूच म्हणाली, "विहीर हाय."

मी तिला घेऊन दोन पावलं मागे सरले. तेवढ्यात आतून ताईंचा आवाज आला, "स्वयंपाकघराच्या दारानं या वो. पुढून कोणी येत न्हाई."

चहा पाजून त्यांनी मला समजावून सांगितलं. या आजारात जमिनीवरचा काळा पट्टा पुष्कळांना खड्डा वाटतो. म्हणून दाराला कुलूप घालायचं नाही, घोंगडी घालायची. कुणी पाय अडकून पडू नये म्हणून तिला चारही बाजूंनी खिळे ठोकलेले होते. मला ती युक्ती फार आवडली. आईला मी तिथे ठेवलं आणि पुढे ताईंच्या हाताखाली शिकत मीही तिथलीच झाले.

ताईंच्या अमृतमहोत्सवी अंकात त्यांच्या कामाविषयी लिहायचं, तर त्या घराविषयीच लिहावं लागेल. तिथला प्रत्येक आरसा झाकलेला असतो. पूर्वी बैलांचा व्यापार करणारे गंगारामकाका, म्हणजे ते दंड धरून ओढणारे आजोबा, एकदा जेवताजेवता ओरडले, "ह्यो म्हातारा काहून बघून राहिला माझ्याकडं?" समोर भिंतीवर आरसा होता. असा कुणी म्हातारा नाहीच, हे पटवायला मी पुढे झाले. ताईंनी मला डोळ्यांनीच दटावलं. आरशासमोर उभ्या राहून, पदर सावरून त्या आतल्या माणसाला म्हणाल्या, "पाव्हणं, लई येळ झाला. घरी वाट बघत असतील. या आता." मग त्यांनी आरशावर टॉवेल टाकला. काका निवांत जेवले. मी मात्र कितीतरी दिवस त्या टॉवेलकडे पाठ करून बसत नसे.

ताईंचं तत्त्व साधं आहे. समोरच्याला जे दिसतं ते नाकारायचं नाही, त्याला तिथून हाताला धरून आणायचं. या तत्त्वाची खरी परीक्षा मात्र त्यांच्याच घोंगडीने घेतली.

सोयाबीन निघाल्यानंतरचे दिवस होते. भर दुपारी स्वयंपाकघरामागे रचलेल्या कुटाराने, म्हणजे सोयाबीनच्या वाळक्या भुश्याने, पेट घेतला. मागचं दार ज्वाळांनी अडलं आणि धूर घरात शिरला. उरलं फक्त पुढचं दार. मी सगळ्यांना तिकडे नेलं आणि सगळे घोंगडीच्या काठावर ओळीने थांबले. पाठीमागून धूर येत होता, माणसं खोकत होती, पण पाऊल कुणी उचलेना. मी आईला ओढलं तर तिने अशी किंकाळी फोडली, जणू मी तिला आत ढकलत होते. "वाकू नका गं," ती बाकीच्यांना सांगत होती, "पाणी लई खोल हाय." मी घोंगडी उपटायला गेले, खिळे मजबूत होते.

ताईंनी मला बाजूला केलं. रांजणाजवळची रिकामी घागर उचलून त्यांनी आईच्या कमरेवर दिली. आईचा हात आपोआप घागरीच्या गळ्याला गेला. मग ताई त्या काळ्या घोंगडीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, गुडघ्यांत वाकल्या, एखादी पायरी खाली उतरल्यासारख्या, आणि हात वर करून म्हणाल्या, "ही बारव हाय माय. पायऱ्या हायेत. मी पायरीवरच उभी हाय. ये, पाणी भरू."

आईने लुगड्याचा काठ भिजू नये म्हणून जरासा उचलला आणि ती उतरली. तिच्यामागून एकेक करून सगळे उतरले. उन्हात आल्यावर गंगारामकाका किती तरी वेळ धोतराचा कोरडा सोगा पिळत होते.

गावकऱ्यांनी आग विझवली आणि संध्याकाळी नातेवाईक जमले. ताईंनी कुणावर काही ढकललं नाही. "चूक माझी. हे जाऊ नयेत म्हणून मी यांच्या वाटंत भीती हातरली व्हती," असं म्हणून त्या स्वतः खिळे उपटायला बसल्या. तेव्हापासून आमच्याकडे ज्याला बाहेर जायचं त्याला जाऊ देतात आणि कुणीतरी सोबत जातं. अंगणाला वळसा घालून पुन्हा दाराशी येणारी एक वाट ताईंनी करून घेतली आहे. पाय दमेपर्यंत चाला म्हणतात.

घोंगडी गेली, तिथे आता पांढरी फरशी आहे. तरीही माणसं तिथे आली की थबकतात. जी नंतर आली, ज्यांनी घोंगडी पाहिलीही नाही, तीसुद्धा. का, ते ताईंनाही सांगता येत नाही. मीही तिथे पाय टाकत नाही, हे लिहिताना हसू येतं, पण टाकत नाही.

आई आता मला ओळखत नाही. परवा मी घाईत बाहेर निघाले होते, तर तिने माझं मनगट घट्ट पकडलं. "बाई, जपून. हितं विहीर हाय." एका अनोळखी बाईसाठी तिचा जीव कासावीस झाला होता. मी विचारलं, "मग कसं जायचं वो?"

"भिऊ नको," ती म्हणाली, "नर्सबाई खाली पायरीवर उभी ऱ्हाते. तिचा हात धर."

ताई, पंचाहत्तरी पार केलीत. शतायुषी व्हा, गुडघे सांभाळा, औषधं वेळेवर घ्या. त्या पायरीवरून इतक्यात वर येऊ नका. आमची माणसं अजून काठावर उभी आहेत.