उन्हाळ्यातला कोट

कुंदन भुरे माझ्याकडे पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात घरच्या तांदळाची थैली होती. कोंढ्याचा मुलगा, भंडाऱ्यात अकरावीला प्रवेश मिळालेला. आमच्या घरामागची खोली यजमान गेल्यापासून रिकामीच होती.

"आजी, मी पहाटेच उठतो. दार वाजंल थोडंसं. चालंल न?"

चालेल म्हटले. दुसऱ्या दिवसापासून तो अंधारातच कारध्याच्या पुलाकडे धावायला जाऊ लागला. सैन्यात जायचे होते. अभ्यासात बेताचा, पण हिशेबाला पक्का आणि वस्तू जागच्या जागी ठेवणारा. माझ्या स्वयंपाकघरातले डबे त्याने एका रविवारी न सांगता उंचीप्रमाणे लावून ठेवले होते. मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर ज्या टापटिपीसाठी पट्टी घेऊन उभ्या राहत, ती या मुलाला उपजतच होती.

भरती झाली, पण स्टोअरकीपर म्हणून. तुकडीतल्या जवानांना बूट, मोजे, पांघरुणे, पाण्याच्या बाटल्या मोजून देणे आणि परत आले की मोजून घेणे, हे त्याचे काम. ते त्याला आवडायचेही. गावाला मात्र हे कळले नाही, किंवा कळून घ्यायचे नव्हते. पहिल्या सुट्टीत आला तेव्हा चावडीपाशी विचारणा झाली, "किती टिपले बे?" तो नुसता हसला. मला म्हणाला, "मोजे वाटतो म्हणून कसं सांगू, आजी? बाबा सगळ्याइले सांगून राहिला का पोरगा बॉर्डरवर हाय."

बाबा म्हणजे नत्थू. तलावाखाली त्याचे धानाचे लहानसे शेत. धान कापून झाले की हिवाळाभर तो गावातल्या मासेमारी संस्थेच्या तलावावर राखणीला बसायचा. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, वारा असा असतो की शेकोटीही पुरत नाही. तीन हिवाळ्यांपूर्वी कुंदनने सुट्टीवर येताना त्याच्यासाठी लष्करी कोट आणला. जाड, हिरवट, आतून अस्तर लावलेला, गळ्यापर्यंत बटणांचा. "सरकारनं घरच्यासाठी देला," असे सांगितले.

तो कोट आला आणि नत्थूचे गावातले स्थानच बदलले. लोक त्याला सुभेदार म्हणू लागले. सव्वीस जानेवारीला शाळेच्या झेंडावंदनाला त्याच्यासाठी पुढच्या रांगेत खुर्ची राहू लागली. एकदा तो मला भेटायला तो कोट घालून भंडाऱ्याला आला होता. सोफ्यावर बसला नाही, कोट चुरगळेल म्हणून.

गेल्या वर्षी मे महिन्यात कुंदन सुट्टीवर होता, आणि सीमेवरच्या बातम्या तासातासाला बदलू लागल्या. सुट्ट्या रद्द झाल्या. निघायच्या दिवशी तो सकाळच्या एसटीने एकटाच माझ्याकडे आला. दुपारची गाडी वरठीहून होती. वडील आणि गावातली मंडळी परस्पर तिकडेच पोहोचणार होती. मी पोहे केले. त्याने बशीला हात लावला नाही.

"काय रे, भीती वाटते?"

"नाही आजी. त्याची नाही." मग म्हणाला, "तो कोट सरकारनं नाही देला. मी आणला."

माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. कोट जवानांसाठी आलेले होते. त्यातला एक त्याने फाटून निकामी झाल्याचे लिहिले आणि घरी आणला. निकामी मालाची पुढे कोणी चौकशी करत नाही. कोणालाही कधीच कळले नसते.

"मग आज काय झालं?"

"परवा प्रितमचा फोन आला."

प्रितम गोंदियाचा, त्याच्याबरोबर स्टोअरमध्ये काम करणारा. तुकडीला वर डोंगरात जायचा हुकूम आला होता. ऐनवेळी दुसरीकडची पोरे येऊन मिळाली होती. त्यांना सगळे सामान देऊन झाले, पण नव्यांपैकी एकाला कोट पुरला नव्हता. रफू केलेले जुनेसुद्धा काढून दिले होते.

"प्रितम हसत हसतच म्हणे," कुंदन सांगू लागला, "का भाऊ, तू फाटला म्हणून लेहलेला तो एक कुठं पडला असंल तं सांग, मी शिवून देतो त्याले. त्याले काही ठाऊक नाही, आजी. तो साधाच बोलला."

"मग कोट घेऊन जा."

"दोन दिवस तेच करून राहिलो. कोट देवाच्या फोटोपाशी खुंटीवर असते. रोज हात लावतो अन् मागं घेतो. बाबाले काय सांगू? चोरी केली म्हणू? तुमीच मागा न आजी. तुमचं ऐकते तो."

मी नाही म्हटले. सांगायचे तर त्यानेच सांगायला हवे. पण निदान कोट स्टेशनवर तरी येऊ दे, म्हणून त्याला तिथल्या तिथे फोन लावायला लावला. पुढचे पुढे बोलता येईल, असे मीच म्हणाले. त्याने माझ्यासमोरच फोन केला. "बाबा, येताना कोट घेऊन येजो," एवढेच बोलला आणि पलीकडून काही विचारायच्या आत फोन ठेवला.

वरठीला आम्ही ऑटोने गेलो. फलाटावरचा लोखंडी बाक हात लावू देत नव्हता इतका तापला होता. स्टील कारखान्याचे काही कामगार पाण्याच्या नळापाशी सावली धरून उभे होते. थोड्या वेळाने कोंढ्याची मंडळी छोट्या टेम्पोने आली. पुढे मधुकरराव, माजी सरपंच, हातात हार, शाल आणि नारळ. त्यांच्या मागे नत्थू. कोट घालून.

गळ्यापर्यंत सगळी बटणे लावलेली होती. चेहरा घामाने निथळत होता, पण मान ताठ. पोराने मुद्दाम फोन करून कोट आणायला सांगितला, म्हणजे बापाने कोटातच निरोप द्यावा अशी त्याची इच्छा आहे, असे त्याला वाटले होते. कामगारांपैकी एकजण ओरडला, "काका, बरफ पडून राहिला का वरठीत?"

"पडंल, पडंल," मधुकररावांनीच उत्तर दिले. "सुभेदार हाय आमचा. याले ऊन नाही लागत."

सगळे हसले. नत्थूही हसला. कुंदन हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले. फोनवर पूर्ण बोल, असे मी म्हणायला हवे होते.

मधुकररावांनी हार घातला. आता शाल, म्हणून घडी उघडू लागले, तोच गाडीची घोषणा झाली.

"बाबा, कोट दे," कुंदन म्हणाला.

"आं?"

"कोट काढून दे. घेऊन जातो."

"काहून? तुयाजवळ नाही का?"

"मायाजवळ हाय. दुसऱ्याजवळ नाही."

नत्थूला वाटले पोरगा गंमत करतो. "अरे पण हा तं सरकारनं मले देला न?"

कुंदन रुळांकडे बघत होता. "नाही देला. मी आणला तिथून. न विचारता."

आवाज हळूच होता, पण मधुकररावांचे शाल उघडणारे हात थांबले. मागची दोन-तीन माणसे एकमेकांकडे पाहू लागली. नत्थूने आधी त्यांच्याकडे पाहिले, मग पोराकडे. गळ्याचे बटण काढू लागला. घामाने बोटे निसटत होती. पहिले निघाले, दुसरे निघाले, आणि मग तो एकदम थांबला. मला वाटले, देत नाही आता. तो कुंदनला इतकेच म्हणाला, "अंदर सदरा नाही रे."

घरून निघताना कौशल्याने, त्याच्या बायकोने, सदरा पुढे केला होता. स्टेशनवर रडू येते म्हणून ती स्वतः आली नव्हती. एवढ्या गरमीत कोटाच्या आत सदरा कशाला, कोण बघते, म्हणून त्याने तो घातला नव्हता.

"राहू दे मग, बाबा," कुंदन म्हणाला. "राहू दे. मी सांगतो तिकडं काहीतरी."

गाडी दिसू लागली होती. नत्थूने उरलेली बटणे भराभर काढली आणि कोट उतरवला. आत खांद्यापाशी फाटलेले, पिवळे पडलेले बनियन होते आणि बरगड्या मोजता येतील असे अंग. खिशातून तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी काढून घेतली. कोटाची घडी घातली, उन्हात उभ्या उभ्या, बाह्या आत दुमडून, नीट. कुंदनमधली टापटीप कुठून आली ते मला तेव्हा कळले.

मधुकररावांनी शाल कुंदनपुढे धरली. त्याने मान हलवली. मग त्यांनी तीच शाल नत्थूच्या उघड्या खांद्यांवर टाकायला हात उचलले.

नत्थू मागे सरला. "नको भाऊ. उनारा हाय."

कुंदनने वाकून त्याच्या पायांना हात लावला. नत्थूने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. घडी केलेला कोट मात्र कुंदन डब्यात बसल्यावर गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजांतून दाबून नीट आत सारत राहिला. मी छत्री त्याच्यावर धरायला गेले तर म्हणाला, "बाई, तुमी सावलीत व्हा." टेम्पोत तो मागच्या फळीवर बनियनवरच बसून गेला. शाल मधुकररावांच्या मांडीवर तशीच होती.

कुंदनने तिकडे पोहोचल्यावर साहेबांना स्वतःच सांगितले. शिक्षा झाली, बढती थांबली. ते त्याने मला फोनवर कळवले. घरी नाही कळवले. कोट त्या मुलाला मिळाला.

या जानेवारीच्या शेवटी पवनीला लग्न होते, तेव्हा कोंढ्याला उतरले. नत्थू तलावाच्या पाळीवर गोधडी पांघरून बसला होता. झेंडावंदनाला यंदा तो गेलाच नव्हता, असे कौशल्या म्हणाली. माझ्याशी बोलताना तो पाण्याकडेच बघत होता.

"पोरगा फोन करते का तुमाले?"

"करतो. तुम्हाला नाही करत?"

"करते. मीच जास्त नाही बोलत." मग गोधडी सावरून म्हणाला, "बाई, एक सांगजा त्याले. कोटाच्या डाव्या खिशाचं अस्तर उसवलं होतं, ते मी शिवलं नाही. त्या पोराची काही वस्तू पडली असंल तं अंदर असंल, म्हणा. खाली, शिवणीपाशी."

मी सांगते म्हटले. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी कुंदनला फोन लावला आणि नत्थूचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "थांबा आजी, लेहून घेतो," तो म्हणाला. "डावा खिसा. खाली, शिवणीपाशी."