पुलाजवळ राहिलेलं पिल्लू

आज दुपारी आमच्या जुन्या घरी लाईट गेली, गल्लीतले पावरलूम एकदम थांबले, आणि त्या शांततेत धाकटी मंजू आठवली.

लहानपणी आम्ही बहिणी कॉम्प्युटरवर एक गेम खेळायचो. त्यात एका मुलाचा दोस्त असतो, पांढरं लिबलिबीत पिल्लू. रंगीत गोळी चारली की ते शिडी होतं, पूल होतं, लागेल ते होतं. एक बटण त्याला हाक मारायचं, एक मिठीचं. मिठीने काहीच मिळत नसे, तरी मंजू तेच दाबायची.

एका दुपारी खेळताना लूम असेच थांबले. यूपीएस टीं टीं करायला लागला. पिल्लाचा पूल करून मी मुलाला पलीकडे नेलं आणि तसंच पुढे पळवलं.

"ताई, रुक ना! ते तिकडेच राहिलं, बोलाव त्याला."

"आधी लेव्हल संपू दे."

तेवढ्यात स्क्रीन काळी झाली. मंजू रडली. मी हसले.

मी नोकरीसाठी बाहेर गेले, तेव्हा आजारी आईला लागेल ते मंजूच झाली. गेल्या वर्षी मंजू स्वतःच आजारी पडली. दवाखान्यातून तिचा फोन आला, "ताई, येते का?"

"पेपर तपासून होऊ दे. रविवारी येते."

शनिवारी मंजू गेली.

आज त्या शांततेत मी तिला दोनदा हाक मारली. मग लाईट आली, लूम खडखडायला लागले, आणि तिसरी हाक माझी मलाच ऐकू आली नाही.