खाणीचा डोंगर झाला तेव्हा

सरोज म्हाप्रळकर दोन कामं करायची. एक, डोंबिवलीच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायची. दुसरं, काळजी करायची. पहिल्याचा पगार मिळायचा. दुसरं ती फुकट करायची, आणि जास्त मन लावून करायची.

काळजीचा मुख्य विषय म्हणजे तिची एकुलती एक मुलगी चंद्रभागा. हे नावसुद्धा काळजीतूनच आलेलं. भूशास्त्रवाल्या आईने मुलीला नदीचं नाव द्यायचं ठरवलं आणि उत्साहाच्या भरात ‘वैतरणा’ सुचवलं. मेल्यावर जी ओलांडायची तिचं नाव पाळण्यात नको, असं सासूबाईंनी शांतपणे सांगितलं. मग सरोजची झोपच उडाली, आणि तिने घाईघाईने कुणालाच खटकणार नाही अशी नदी निवडली. ती फक्त मुलीला खटकली. १९९६ साली अकरावीत असलेली ती मुलगी शहाडच्या अलीकडच्या त्यांच्या कॉलनीत एकटीच चंद्रभागा होती. मैत्रिणी तिला चंदू म्हणत, आणि आई पूर्ण नावाने हाक मारू लागली की ती ऐकू न आल्यासारखं करी.

चंदूला शिंक आली की सरोज खिडक्या लावायची, आणि खिडक्या लावल्या की हवा कोंडली म्हणून उघडायची. रस्ता ओलांडताना सोळा वर्षांच्या मुलीचं मनगट ती अशी धरायची, की पलीकडे गेल्यावर बोटांचे वळ दिसत. नवरा दौलत टेलिफोन खात्यात होता. तो म्हणायचा, खात्यात इतक्या लायनी आहेत, पण हिच्या डोक्यातल्यासारखी एकही कायम एंगेज नसते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र तिला खरीखुरी काळजी मिळाली. प्राचार्य कुंडलिक गायकर यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. सुट्टीत त्यांच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा अजून पिकायचा होता, त्यामुळे ते काळा चष्मा लावून बसले होते आणि नेहमीपेक्षा अधिक कडक वाटत होते. भूशास्त्राला मुलं येत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. जूनपासून विषय बंद करावा असं संस्थेच्या मनात आहे. बाईंची नोकरी जाणार नाही, त्यांना पर्यावरणाचे तास आणि लायब्ररीची देखरेख देऊ.

लायब्ररीची देखरेख म्हणजे कुलूप लावणं. वीस वर्षं ज्या दगडांवर हात फिरवला ते आता कपाटात जाणार, या विचाराने सरोजच्या तोंडून धाडसाचं वाक्य निघून गेलं. बारावीच्या मुलांना एकदा मोठ्या पडद्यावर जमीन उठावासकट दाखवते, म्हणाली, तुम्हीही येऊन बघा आणि मग ठरवा. गायकर सर म्हणाले, बघू. खर्च मात्र नको.

हे ‘उठावासकट’ प्रकरण असं. आपले दोन डोळे एकच वस्तू दोन जागांवरून बघतात, म्हणून खोली कळते. भूशास्त्रात एकाच जागेचे थोड्या अंतरावरून दोन फोटो काढतात आणि दुर्बिणीसारख्या एका यंत्राखाली शेजारी शेजारी ठेवतात. डाव्या डोळ्याला एक, उजव्याला दुसरा. सपाट कागदातून डोंगर उभा राहतो. कॉलेजकडे अशी यंत्रं दोनच होती, आणि मुलं रांग लावून डोकावत. “दिसलं का?” असं सरोज प्रत्येकाला विचारी. स्वतः विद्यार्थिनी असताना तिलाही सरांनी हेच विचारलेलं. तिने बराच वेळ बघून, सावल्यांवरून अंदाज बांधून, प्रामाणिकपणे हो म्हटलेलं. दगडाला शेंदूर लावला की त्यात देव दिसतो, तसंच हे काहीतरी असावं, अशी तिची समजूत होती. मनापासून बघितलं की दिसतं. वर्गातही ती हेच सांगायची.

सगळ्या वर्गाला एकदम दाखवण्याची परदेशी यंत्रसामग्री होती, पण तेवढ्या पैशांत डोंबिवलीत दोन फ्लॅट आले असते. पवईच्या एका व्याख्यानात मात्र तिने स्वस्तातला मार्ग ऐकला होता. दोन साधे स्लाइड प्रोजेक्टर, दोघांपुढे खास काचा, प्रेक्षकांना तशाच काचांचे चष्मे. प्रत्येक डोळ्यात आपापलंच चित्र शिरतं. एक प्रोजेक्टर कॉलेजात होता. दुसरा तिने आरोग्य केंद्रातून आणला. त्यावर तोवर फक्त कुटुंबनियोजनाच्या स्लाइड लागलेल्या. चष्म्यांचा प्रश्न चंदूने सोडवला. दहा-अकरा वर्षांपूर्वी थ्रीडी सिनेमांची लाट आली होती, तेव्हाचे पुठ्ठ्याचे चष्मे कल्याणच्या एका थिएटरच्या माळ्यावर खोकाभर पडलेले. मॅनेजर म्हणाले, न्या, झुरळांचा तेवढाच आसरा जाईल. सरोजने ते चष्मे डेटॉलने पुसले, मग उन्हात ठेवले, मग पुन्हा पुसले.

पडद्यासाठी आधी पांढरी चादर लावून बघितली. चादरीवर दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळत. धातूचा रंग हवा, असं पुस्तक म्हणत होतं. तेव्हा प्लायवूडवर तिने चंदेरी रंग फासला, जो लोक लोखंडी कपाटांना आणि पाण्याच्या टाक्यांना देतात. दौलतने ऑफिसातून येऊन विचारलं, टाकी बसवतेयस का?

फोटोही स्वतःच काढायचे होते. कान्हा नावाचा तिचा एक विद्यार्थी कोलशेतच्या कोळीवाड्यातला होता. त्याच्या मामाच्या ओळखीने खाडीकाठच्या एका कारखान्याच्या गच्चीवर जायला मिळालं. तिथून ओहोटीच्या वेळी चिखलात पाण्याने कोरलेल्या नाळा दिसत, झाडाच्या फांद्यांसारख्या. एक फोटो काढायचा, काही पावलं उजवीकडे सरकायचं आणि दुसरा काढायचा. सरकताना चंदू कठड्याशी गेली की सरोज तिची ओढणी धरून उभी राहायची. त्यामुळे पहिल्या रोलमध्ये प्रत्येक फोटोत खाडी आणि ओढणीचं टोक आलेलं. पारसिकच्या डोंगरातल्या एका बंद खाणीचेही फोटो त्यांनी वरून, काठावर पालथं पडून काढले. पालथी चंदू पडलेली. सरोज तिच्या पायांवर बसलेली.

मग एका रविवारी दुपारी खिडक्यांवर गोधड्या टांगून घरीच तालीम झाली. काचा नेमक्या कुठल्या प्रोजेक्टरला कशा लावायच्या यावर सरोजने बराच विचार केला होता. उलट्या लागल्या तर खड्ड्याचा डोंगर दिसतो, पण ती चूक कुणाच्याही चटकन ध्यानात येते, असं पुस्तकात लिहिलेलं. तिच्या ध्यानात काहीच आलं नाही. म्हणजे काचा बरोबर लागल्या.

दौलतने चष्मा कपाळावर ठेवूनच छान आहे म्हणून सांगितलं. चंदूने चष्मा लावला आणि ती मागे सरकली.

“आई, खाण वर आलीय.”

“वर म्हणजे?”

“वर म्हणजे वर. खड्डा नाहीये, डोंगर झालाय. आणि ती खाडी बघ, दोरखंड टाकल्यासारखी चिखलावर पडलीय.”

सरोजने पडद्याकडे पाहिलं. खाण होती तिथेच होती, सपाट आणि सुरेख. मग तिने मुलीकडे पाहिलं. हिचे डोळे. रोज रात्री टीव्ही, जेवणात गाजर नाही, वर थिएटरच्या माळ्यावरचे चष्मे. तिने चंदूला एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा. कॅलेंडर वाचायला लावलं. चंदूने कोपऱ्यातल्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचून दाखवलं. त्याने सरोजची भीती आणखी वाढली, कारण याचा अर्थ रोग आतला होता.

दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन ठाण्याला नौपाड्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे निघाली. स्टेशनवरच्या गर्दीत मुलीच्या डोळ्याला कुणाचं कोपर लागेल म्हणून कल्याणहून एसटीने, ठाण्याच्या खोपट स्टँडपर्यंत. बसमध्ये चंदू तोंड फुगवून बसलेली. आजारी नसताना तिला कुठेकुठे नेलेलं याची यादी ती खिडकीकडे बघून पुटपुटत होती.

डॉक्टरबाईंनी मुलीचे डोळे तपासले आणि उत्तम आहेत म्हणाल्या. सरोजचा विश्वास बसेना. तेव्हा बाईंनी एक जाड पुस्तक काढलं. त्यात माशीचं मोठं चित्र होतं, आणि बरोबर चष्मा. तो चष्मा ओळखीचा निघाल्यावर सरोजला हुरूप आला आणि तिने डॉक्टरबाईंना त्यामागचं विज्ञान समजावून सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग चंदूला म्हणाल्या, माशीचे पंख चिमटीत पकड. चंदूने कागदाच्या वर, हवेत चिमूट धरली आणि ‘शी!’ म्हणाली.

“हेच,” सरोज म्हणाली. “बघा, हवेत पकडतेय.”

“हवेतच पकडायचे असतात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुम्ही पकडा बघू.”

सरोजने चष्मा लावला आणि कागदावर बोट टेकवलं. गुळगुळीत कागद. तिने नखाने पंख उचलून पाहिला. आला नाही. तिने मनापासून बघितलं. तरी आला नाही.

लहानपणी डोळा तिरळा होता का, असं बाईंनी विचारलं. होता, थोडासा. मोठेपणी आपोआप जाईल असं घरचे म्हणत, आणि गेलाही होता.

“डोळे सरळ झाले,” बाई म्हणाल्या. “पण दोघांनी मिळून बघायचं राहून गेलं. आता या वयात नाही येणार. काही बिघडत नाही, पुष्कळांचं असतं.”

परतीच्या बसमध्ये तोंड फुगवायची पाळी सरोजची होती. वीस वर्षं ती जे शिकवत होती ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. पोहायला शिकवणाऱ्या बाई कायम काठावरच होत्या. आणि काठ म्हणजेच तलाव, असं त्यांना वाटत होतं. चंदू मात्र खुशीत आलेली. कपाबाहेर सांडणारा चहा, सुईत न जाणारा दोरा, लांबच्या रिक्षाला घाबरून मागे उडी आणि जवळच्या रिक्षापुढे संथ चाल, एकेक गोष्ट ती सोडवून दाखवत होती. सरोजला क्षणभर बरं वाटलं, की आपला घाबरटपणा म्हणजे निव्वळ डोळ्यांचा दोष. पण खिडक्या, गाजर आणि डेटॉल काही डोळ्यांच्या नावावर घालता येईनात.

“आता शो रद्द करते,” ती म्हणाली. “मला कळणारच नाही बरोबर लागलंय की उलटं.”

“मला कळेल ना,” चंदू म्हणाली. “मी काचा लावते. तू बोल. तसंही तू थांबत नाहीस.”

शोच्या दिवशी हॉलच्या खिडक्यांना काळे कागद डकवलेले. आसपासच्या कॉलेजांतून बारावीची मुलं आली होती. शिपाई पंढरी चष्मे वाटत होता आणि परत द्यायचे म्हणून दम भरत होता. चंदूने मागे प्रोजेक्टर जुळवून आईला मान हलवून दाखवली. पहिल्या रांगेत मधोमध गायकर सर, काळा चष्मा काढून पुठ्ठ्याचा लावलेले.

सरोजने बोलायला सुरुवात केली. कोलशेतची खाडी पडद्यावर आली. हॉलमध्ये एकदम आवाज झाला, वाऱ्याने पडदा हलावा तसा. गायकर सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग ते तिच्याकडे वाकले.

“बाई, चालू झालंय का?”

सरोजने त्यांच्या पुठ्ठ्याच्या चष्म्याकडे पाहिलं. काळजीच्या एवढ्या मोठ्या कारभारात तिने सगळ्यांच्या डोळ्यांची काळजी केली होती, फक्त ज्या डोळ्यांवर विषय टिकायचा होता ते विसरली होती. एक ऑपरेशन झालेला, एक न झालेला. त्या दोघांचं जुळणार कसं? दिसतंय ना सर, नीट बघा, असं म्हणता आलं असतं. वीस वर्षं तिने तेच म्हटलेलं.

“सर, पडद्याकडे नका बघू,” ती म्हणाली. “मागे बघा.”

गायकर सर खुर्चीत वळले. पडद्याच्या चंदेरी उजेडात मुलांच्या रांगा दिसत होत्या, आणि बहुतेकांचे हात हवेत होते. कुणी नाळेत बोट घालून बघत होतं, कुणी चिखलाची कड चाचपत होतं. मग चंदूने खाणीची स्लाइड टाकली, वरून खाली बघणारी. एका मुलीने पाय खुर्चीवर ओढून घेतले. पंढरीने पुढच्या मुलाचा खांदा धरला.

“यांना काय दिसतंय?” सरांनी हळूच विचारलं.

“खोली दिसतेय सर. मलाही पडद्यावर काही दिसत नाही. कधीच दिसलं नव्हतं, हे मागच्या आठवड्यात कळलं.”

“आणि शिकवता कशा?”

“त्यांना दिसतं ना.”

 शो संपेपर्यंत सर मागे वळूनच बसले. शेवटी त्यांना मानेत उसण भरली. संस्थेला मी सांगतो, वर्षभर थांबा म्हणून, असं ते पंढरीकडून मान चोळून घेता घेता म्हणाले. संस्थेची माणसं बघायला आली तर तुमच्या मुलीलाच बसवा मशीनवर, तुम्ही हात लावू नका.

जूनमध्ये भूशास्त्राच्या वर्गात एक बाक जास्त टाकावा लागला. तो बाक बघून सरोजला पहिली काळजी वाटली ती चष्मे पुरतील का याची.

पुढे ती नेहमी पडद्याकडे पाठ करूनच शिकवायची. मुलांचे हात वर गेले की काचा बरोबर, चेहरे वाकडे झाले की उलट्या. एकदा विद्यापीठातून तपासणीला आलेल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तास पाहिला आणि सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. स्वतःच्या साहित्यात न रमता पूर्ण वेळ विद्यार्थ्यांच्या चेहऱ्याकडे बघणारी शिक्षिका फार वर्षांनी पाहिली, म्हणाले. सरोजने नम्रपणे मान खाली घातली. मागे प्रोजेक्टरजवळ चंदूला खोकल्याची उबळ आली, आणि तिला सर्दी झाली की काय म्हणून सरोजने पंढरीला खिडक्या लावायला सांगितल्या.