काहिलीकडं पाठ

ताज्या गुळाचा वास आला की मला अजून त्या माणसाचा हेवा वाटतो. बारामतीजवळच्या एका गुऱ्हाळावर बारा वर्षं काहिलीत, त्या भल्यामोठ्या कढईत, रस आटवला मी, आणि मालकानं मुख्य गुळव्या नेमला तो इंदापूरकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. बैल चरक ओढत होते, चिपाडाच्या धुरानं डोळे चुरचुरत होते. त्याच्या पहिल्याच काहिलीतला पाक कच्चा आहे हे मला दिसत होतं; तरी तो "उतरवा" म्हणाला तेव्हा मी तोंड मिटून काहिलीच्या कडीत दांडा घातला. ढेप बसलीच नाही, गूळ चिखलासारखा पसरला. मला आतून गुदगुल्या झाल्या. त्यानं मात्र सगळ्या गड्यांसमोर मालकाला सांगितलं, "तात्या, चूक माझी हाय. गड्यांचा दोष न्हाय." दुसरी काहील चुलीवर चढली तसा तो माझ्याकडं वळला. "आबा, मगाशी तुमाला कळलं हुतं, व्हय ना? आता तुमी सांगाल तवा उतरवू." एवढं बोलून तो पाठ फिरवून उसाच्या मोळ्या सोडायला गेला. मनात आणलं असतं तर तीही काहील मला बिघडवता आली असती. पण पाण्यात टाकलेली पाकाची गोळी बोटांना कडक लागली आणि मीच ओरडलो, "उतरवा!" ढेपा पिवळ्याधमक निघाल्या, आणि गडी कौतुकानं बघत होते ते त्याच्याकडं. पुढं मीही मुख्य गुळव्या झालो, हाताखाली जाणती माणसं मिळाली; पण काहील दुसऱ्याच्या हवाली करून पाठ फिरवणं मला एकदाही जमलं नाही.